हायडेलबर्गला नाव ठेवायचं राहिलं

आमच्या गावात काहीही नवीन आलं, मग तो ट्रॅक्टर असो, म्हैस असो की जावई, ते आधी रायगोंडा पाटलांच्या नजरेखालून जायचं. ते भोवतीनं एक फेरी मारत, थोडं मागं सरत, मान तिरकी करत आणि खोट सांगत. खोट निघाली की मालकाला हायसं वाटायचं. ती निघणार हे ठरलेलंच असायचं, तर लवकर निघालेली बरी.

सांगलीहून वारणेच्या अंगाला अर्ध्या तासावर आमचं गाव. सगळीकडं ऊस, आणि उसातून वाट काढत गेलं की गाव. साताऱ्याहून कुणी कंदी पेढे आणले तर ते रायगोंडांना करपलेले लागत. कंदी पेढा खरपूसच असतो हे सांगायच्या फंदात कुणी पडत नसे. लग्नात पंगत बसली की वाढपी पहिलं ताट त्यांच्यापुढं ठेवून तिथंच उभे राहत. रायगोंडा जिलेबीचा एक वेढा मोडून म्हणत, "पाक पळालाय." मग निर्धास्तपणे पुढच्या ताटांना हात लागायचा.

बस्तीपुढं, म्हणजे आमच्या जैनांच्या देवळापुढं, मानस्तंभ उभा केला तेव्हाची गोष्ट गावात अजून सांगतात. रायगोंडा म्हणाले, खांब डावीकडं कललाय. कारागिरानं मुकाट्यानं ओळंबा सोडून दाखवला. खांब सुतासारखा सरळ निघाला. रायगोंडांनी ओळंब्याकडं बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "ओळंबा कललाय."

या माणसाबरोबर गुणमालाकाकूंनी सगळा संसार केला, आणि हसतमुखानं केला. भाकरी ताटात पडली की रायगोंडा ती उचलून उजेडात धरत आणि म्हणत, "कडा कच्च्या ऱ्हायल्यात." काकू चुलीपुढून वळूनसुद्धा बघत नसत. म्हणत, "नावं ठिवून झाली असली तर खावा आता." मग ते खात, आणि तिसरी भाकरी मागून घेत.

एक गोष्ट मात्र काकूंच्या मनासारखी कधी झाली नाही. काकू दिवस मावळायच्या आत जेवत. ते व्रत त्यांनी माहेराहूनच आणलं होतं आणि कधी मोडलं नाही. रायगोंडा मळ्यात. वारणेपलीकडच्या उसात दिवस टेकायला लागला की काकू परसदारी येऊन हाक मारत, "आवं, दिवस चालला, या." मळा हाकेच्या अंतरावर. रायगोंडा "आलो" म्हणत. पण पाणी धरलेलं असायचं, नाहीतर मोटर सुरू करायची असायची, नाहीतर शेजारच्या शेताच्या बांधाला नाव ठेवायचं राहिलेलं असायचं. ते येईपर्यंत अंधार पडे. काकू तोवर एकट्या जेवून घेत आणि नंतर यांना एकट्याला वाढत. पुढं मोबाईल आले. काकूंनी हाक मारायचं सोडून मिस कॉल द्यायला सुरुवात केली. घसाही दुखत नाही आणि पैसाही जात नाही. खिशात फोन दोनदा वाजून बंद व्हायचा, रायगोंडा खिशाला "आलो" म्हणायचे, आणि यायचे अंधार पडल्यावरच.

पौषात काकू गेल्या. चार दिवसांचा ताप, सांगलीचा दवाखाना, आणि संपलं.

दुखवट्याच्या दिवसांत भावकीतल्या बायका आळीपाळीनं जेवण आणत होत्या. पहिल्या दिवशी रायगोंडांपुढं ताट ठेवलं आणि सगळ्या सवयीनं दाराशी उभ्या राहिल्या. रायगोंडा जेवले. हात धुतला. कुणीतरी विचारलं, जेवण कसं झालं होतं. ते म्हणाले, "बरं हाय."

बायकांनी एकमेकींकडं बघितलं. त्यांतली एक तर रडायलाच लागली.

त्यानंतर सगळंच बरं होत गेलं. न्हाव्यानं एक कल्ला वर आणि एक खाली ठेवला, बरं हाय. उसाची तोड लांबली, फडाला तुरे आले, बरं हाय. रागात नव्हते, रडत नव्हते, जेवत होते, झोपत होते. विचारलं तर उत्तर देत होते. पण बंद दुकानाची पाटी जशी आत कुणी नसताना बाहेर लटकत असते, तसे ते दोन शब्द तोंडावर लटकलेले. शेवटी थोरल्या मुलानं, अरिहंतनं, बहिणीला जर्मनीला फोन केला. म्हणाला, "भागू, आप्पा बिघडल्यात. कशालाच नावं ठेवीनात."

भाग्यश्री फ्रँकफुर्टला कॉम्प्युटरच्या नोकरीत आहे. एकटी राहते. आई गेली तेव्हा तिला विमान मिळून ती पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं, आणि सुट्टी संपली म्हणून आठव्या दिवशी ती परतही गेली होती. तिनं उन्हाळ्यात वडिलांना बोलावून घेतलं. तिचा हिशेब सरळ होता. जर्मनीत नावं ठेवण्यासारखं इतकं आहे की आप्पांचं तोंड आपोआप उघडेल. भाजी गोठलेली, दूध पुठ्ठ्यात, शेजारी बोलत नाहीत, आणि शिंकलं तर मात्र चार माणसं वळून आशीर्वाद देतात. एकदा आप्पांनी तिथल्या एका तरी गोष्टीला वाईट म्हणावं, एवढंच तिला हवं होतं. म्हणजे आप्पा जागेवर आहेत असं तिला कळलं असतं.

विमानतळावर तिनं प्रवास कसा झाला म्हणून विचारलं. उत्तर तुम्हांला माहीत आहे.

आठवड्याभरात तिनं होते नव्हते ते उपाय केले. एक दिवस आमटीत मीठच घातलं नाही. ती आमटी तिच्या स्वतःच्या घशाखाली उतरेना. आप्पांनी वाटी तोंडाला लावून संपवली आणि बरं हाय म्हणून बेसिनमध्ये नेऊन ठेवली.

तिथं उन्हाळ्यात दिवस फार लांबतो, रात्री साडेनऊला मावळतो. भाग्यश्री सहाला ऑफिसातून आली की म्हणायची, आप्पा, अजून लख्ख ऊन आहे, चला बरोबर जेवू. आप्पा म्हणायचे, जेवलो. सकाळी झाकून ठेवलेला डबा दुपारीच संपलेला असायचा. काकू गेल्यापासून त्यांनी रात्रीचं जेवण सोडलं होतं, हे तिला ठाऊक होतं. पण इतक्या लवकर का? विचारल्यावर ते म्हणाले, गावाकडं आत्ता दिवस मावळला. तिनं अरिहंतकरवी बस्तीतल्या उपाध्यांना विचारून घेतलं. उपाध्ये म्हणाले, जिथं माणूस तिथला सूर्य, शास्त्र काही सांगलीचं घड्याळ घालून बसलेलं नाही. हे आप्पांच्या कानावर घातलं, तर त्यांना उपाध्यांचंही बरं वाटलं. जेवण मात्र दुपारीच राहिलं. भाग्यश्रीला वाटलं, घड्याळ बघून जेवत असतील, जुन्या माणसाची सवय.

पहिलाच शनिवार-रविवार आला तशी ती त्यांना हायडेलबर्गला घेऊन गेली. तासाभराचा रेल्वेचा प्रवास. नेकार नदीकाठचं जुनं गाव, शेकडो वर्षांची युनिव्हर्सिटी, डोंगरावर तांबड्या दगडाचा किल्ला. जगभरची माणसं तिथं येऊन वा वा करतात. भाग्यश्रीनं ते निवडलं होतं वेगळ्याच कारणासाठी. तो किल्ला अर्धा पडलेला आहे. एक बुरूज तर कलिंगडाची फाक काढून ठेवावी तसा उभा चिरून खंदकात कलंडला आहे. पडक्या भिंती बघायला तिकीट काढावं लागलं, तर आप्पा गप्प बसणं शक्यच नाही, असं तिला वाटलं.

आप्पांनी बुरूज बघितला. कलंडलेला तुकडा बघितला. त्यांच्या मागं एक माणूस फोटोसाठी थांबला होता, त्याला जागा करून दिली. म्हणाले, "बरं हाय."

मग तिनं त्यांना तळघरातलं पिंप दाखवलं. पिंप कसलं, घरच ते. दोन मजली उंच, आडवं, लाकडी, आणि वर चढायला जिना. भाग्यश्रीनं एकेक शब्द सावकाश उच्चारत सांगितलं की आप्पा, हे दारू साठवायला केलं होतं, राजानं, एवढी झाडं तोडून. पिढ्यान्‌पिढ्या ज्या घरात दारूचा थेंब आला नाही, त्या घरातला माणूस. आप्पांनी पिंपाभोवती फेरी मारली. थोडं मागं सरले. मान तिरकी केली. त्यांनी पुढं होऊन बोटाच्या पेरानं लाकडावर टकटक केलं, जरा ऐकलं, आणि हात खिशात घातला. "बरं हाय."

खाली गावात युनिव्हर्सिटीचा जुना तुरुंग आहे. पूर्वी पोरं पिऊन दंगा करायला लागली की युनिव्हर्सिटीच त्यांना तिथं कोंडायची. पोरांनी भिंतींवर काजळीनं आणि रंगानं आपली तोंडं आणि नावं काढून ठेवलीत, एक वीत जागा मोकळी नाही. आपल्याकडं किल्ल्यावर असलं कुणी काही लिहिलं तर आपण त्याला शिव्या देतो. इथं काच लावून जपलंय. रायगोंडा पाटलांना जन्मभर पुरेल एवढा माल त्या एका खोलीत होता. त्यांनी चारी भिंती क्रमानं बघितल्या, शाळा तपासायला आलेल्या साहेबानं बघाव्यात तशा, आणि बाहेर आले.

पुलाच्या तोंडाशी ब्राँझचं माकड आहे. त्याचं डोकं पोकळ आहे. लोक त्यात आपलं डोकं घालून फोटो काढतात. भाग्यश्री थट्टेनं म्हणाली, आप्पा, घाला डोकं. आप्पांनी टोपी काढून हातात घेतली आणि माकडात डोकं घातलं. तिनं फोटो काढला. त्या फोटोत माकडाच्या तोंडातून रायगोंडा पाटील शांतपणे बाहेर बघताहेत. तो फोटो पुढं गावात सगळ्यांनी बघितला. बघताना हसू यायचं आणि अर्ध्यातच थांबायचं.

दुपारी दोघं नदीकाठच्या बाकावर बसली. भाग्यश्रीनं घरून बांधून आणलेला डबा त्यांच्या मांडीवर दिला. आप्पांनी फडक्याची गाठ सोडली नाही. शेजारी मोबाईल ठेवला, पडदा वर करून. आणि बसून राहिले.

"आप्पा, जेवा की."

"फोन आला न्हाई."

"कुणाचा? दादाचा?"

आप्पा नदीकडं बघत राहिले. नदीत बदकं होती, माणसांच्या बोटी होत्या. काठावर कॉलेजची पोरं-पोरी शर्ट काढून उन्हात पडली होती, अंगण सारवून पापड घालावेत तशी. भाग्यश्रीनं तीही त्यांना दाखवली. त्यांनी बघितली. परत मोबाईलकडं बघितलं. बऱ्याच वेळानं त्यांनी डबा उचलून पिशवीत ठेवला.

"आसू दे. तिकडं अंधार पडला आसंल."

"कसला अंधार? वर बघा. डोळे दिपतायत उन्हानं."

"ह्ये ऊन बरं हाय की," आप्पा म्हणाले. "पर हाक तिकडनं येती."

तिला त्यातलं काही समजलं नाही आणि तिला राग आला. एवढ्या लांब आणलं, एवढं दाखवलं, आणि हा माणूस उपाशी बसून ऊन बरं आहे म्हणतो. ती तोडून बोलली. आप्पा ऐकून घेत राहिले. त्याचाच तिला जास्त राग आला, कारण आधीचे आप्पा असते तर तिच्या बोलण्यातही त्यांनी एखादी खोट काढली असती. त्या दिवशी दोघं हायडेलबर्गलाच मुक्कामाला होती. आप्पा काही न खाता झोपले. बाहेर ऊन होतं.

सकाळी अरिहंतचा फोन आला तेव्हा आप्पा अंघोळीला गेले होते. भाग्यश्रीनं पहिल्यांदा त्याला धारेवर धरलं, काल फोन का केला नाहीस म्हणून. अरिहंत म्हणाला, "वादळ झालंय. गावात लाईट न्हाई, टॉवर बंद हाय. आत्ता सांगलीत येऊन बोलतोय." मग त्यानं विचारलं, आप्पा जेवले का.

"न्हाई. तुझ्या फोनसाठी बसून होते."

"माझ्या न्हाई गं," अरिहंत म्हणाला. "आईच्या."

काकूंचा मोबाईल त्यानं चालू ठेवला होता. आप्पांनीच ठेवायला लावला होता. दुखवटा संपल्यावर पहिल्यांदा मळ्यात गेले, त्या संध्याकाळी ते वेळेत घरी आले होते. ऊन असताना. आणि परसदारी कट्ट्यावर अंधार पडेपर्यंत नुसते बसून राहिले, जेवायला काही उठेनात. दुसऱ्या दिवशी त्यांनी अरिहंतला सांगितलं, दिवस टेकला की तिच्या फोनवरनं मला मिस कॉल मार. बोलायचं न्हाई. मी उचलणार न्हाई. तेव्हापासून अरिहंत रोज परसदारी उभा राहून मिस कॉल देत होता. आप्पा जर्मनीला गेल्यावरसुद्धा देत होता. फ्रँकफुर्टच्या घरात आप्पा एकटे असताना फोन दोनदा वाजायचा, पडद्यावर "गुणमाला" उमटायचं, आणि आप्पा उठून ताट घ्यायचे.

अरिहंत म्हणाला, आज संध्याकाळपर्यंत टॉवर सुरू व्हायचं लक्षण दिसत नाही. आईचा मोबाईल घेऊन परत सांगलीला येतो आणि इथून मारतो. भाग्यश्री म्हणाली, "नको. मी बघते."

उतरले होते त्या जागेत एक छोटं स्वयंपाकघर होतं. तिनं पिठाची पुडी बरोबर आणलीच होती, इंडियन दुकानातलं ज्वारीचं पीठ, कधी दळलेलं देव जाणे. आईकडून ती भाकरी शिकली होती, पण गॅसवर. तिथल्या विजेच्या काचेच्या शेगडीवर आणि दांड्याच्या पॅनमध्ये भाकरी फुगवायची कशी हे आईलाही माहीत नसणार. जमल्या तशा चार केल्या. शेंगदाण्याची चटणी घेतली, मुगाची भाजी केली, आणि आप्पांना घेऊन बाहेर पडली. त्या दिवशी तिनं त्यांना काही दाखवलं नाही. दोघं नुसती हिंडली. दुपार कलली तशी आप्पा पुलावर कठड्याला टेकून पाणी बघत उभे राहिले. मोबाईल हातात होता. त्यांनी तो मधूनमधून उजेड पाडून बघितला.

मी आलेच म्हणून भाग्यश्री पुलाच्या पायऱ्या उतरून खाली नदीकाठाला गेली. गवतावर फडकं पसरलं. दोन माणसांचं मांडलं. मग उभी राहून तिनं वर बघितलं. तिचं म्हणणं, तोपर्यंत तिला वाटत होतं की हे सोपं आहे. पण आजूबाजूला एवढी माणसं, ऊन डोक्यावर, आणि जे ओरडायचं ते तिनं जन्मभर दुसऱ्याच्या तोंडून ऐकलेलं. तिनं दोन्ही हात तोंडाशी धरले.

"आवं आप्पा, दिवस चालला. या."

उन्हात पडलेली पोरं उठून बसली. पुलावरची माणसं वाकून बघायला लागली, खाली कुणी बुडालं की काय. एका बाईंनी आभाळाकडं बघितलं. दिवस कुठंही चाललेला नव्हता.

आप्पांनी खाली बघितलं. जरा वेळ ते तसेच राहिले, आणि भाग्यश्रीला वाटलं, चुकलं आपलं, हे करायला नको होतं. मग त्यांनी मोबाईल खिशात घातला. "आलो" म्हणाले नाहीत. वळले आणि चालायला लागले. माकडाजवळून, माणसांतून वाट काढत, पायऱ्यांच्या कठड्याला धरून, गुडघा दुखतो म्हणून एकेक पायरी आडवं होत, पण कुठंही न थांबता. येऊन फडक्यावर मांडी घातली.

भाग्यश्रीनं त्यांच्यापुढं वाढलं आणि स्वतःपुढंही वाढून घेतलं. आप्पांनी तिच्या ताटाकडं बघितलं, मग तिच्याकडं. दोघं जेवायला लागली. पहिला घास गेला, दुसरा गेला. आप्पांनी भाकरीचा उरलेला तुकडा हातात घेतला आणि सहज, काही मनात नसल्यासारखा, वर उजेडात धरला.

"कडा कच्च्या ऱ्हायल्यात," ते म्हणाले.

भाग्यश्रीचा घास हातात राहिला. आईचं उत्तर तिला तोंडपाठ होतं, ओठांवर आलंही होतं. पण ते तिनं दिलं नाही. ते देणारं माणूस एकच होतं. तिनं मान खाली घातली आणि म्हणाली, "व्हय आप्पा. चूल बरोबर न्हाई हितली."

"चूल," आप्पा म्हणाले, आणि जेवत राहिले. तिसरी भाकरीही घेतली.

लगेच सगळं पालटलं वगैरे काही नाही. पाय आखडून बधिर झाला की रक्त एकदम परतत नाही, आधी एखाद्या बोटात मुंगी येते. परतीच्या रेल्वेत आप्पा खिडकीतून बाहेर बघत गप्पच होते. दोन स्टेशनं मागं पडली. बाहेर शेतं पळत होती.

"त्ये पिंप," आप्पा एकाएकी म्हणाले.

"काय आप्पा?"

"काल बघितल्यालं. रिकामं हाय न्हवं त्ये?"

"व्हय. रिकामंच हाय."

आप्पांनी त्यावर विचार केला. खिडकीबाहेर अजून ऊन होतं.

"मग तिकीट कशाचं घेत्यात," ते म्हणाले, आणि काचेला डोकं टेकून त्यांनी डोळे मिटले.